पाचशे मेगाहर्ट्झ

कसालच्या आपल्या दुकानात प्रितमने दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. दोन्ही स्वस्तातले, सेलेरॉन प्रोसेसरचेच; एक पाचशे मेगाहर्ट्झचा, दुसरा आठशेचा. "पैशे थोडे जास्त पडतले, पण आठशेचोच घेवा, टीचर," तो अँजेलिना टीचरना पटवत होता. टीचरनी पर्समधून सीडी काढून दिली. तिच्यात एकच फोटो होता: बोटीच्या डेकवर उभा असलेला त्यांचा नवरा, रोझारियो.

आठशेवर फोटो झटक्यात उघडला. पाचशेवर तो वरून खाली हळूहळू उतरत राहिला. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळे, सगळ्यात शेवटी हसू.

"बघितल्यात? ह्यो कितको रखडता."

"माका ह्योच दी."

"टीचर, मागाहून पस्तावशात."

"रजेर इलो की रोझारियो घराखालची घाटी चढान येयचो," पडद्यावरची नजर न काढता टीचर म्हणाल्या. "खळ्यातसून माका आधी त्येची टोपी दिसायची, मग कपाळ, मग हसता तोंड. तो गेल्यापासून घाटी रिकामीच आसा."

प्रितमने फोटो बंद केला आणि पाचशेवर पुन्हा उघडला.