गरिबीचा सेट

मालिकेतल्या गरिबाच्या घरासाठी शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींची खोली ठरली. छप्पर गळकं, पण फरशी अशी की तोंड दिसावं. दिग्दर्शक वैतागला, "मावशी, तुमची गरिबी कॅमेऱ्यात दिसतच नाही हो!" मग भिंतींना काजळी फासली, टेम्पोभर कचरा आणून दारात ओतला, नंतर वर रडकं व्हायोलिन चढवलं. शूटिंग संपल्यावर मंडळी सगळं पुसून, आवरून घेऊन गेली.

भाग बघून गहिवरलेल्या एका संस्थेच्या बाई छप्पर बांधून द्यायला आल्या. आत डोकावून म्हणाल्या, "छे, हे घर नव्हे."

"अहो, हेच ते!"

"मावशी, गरिबाच्या तोंडचा घास काढू नये."

मावशींनी दिग्दर्शकाला फोन लावला.


"दादा, तो कचरा दोन दिवस उसना मिळेल का?"