शेवटचा गडी

“पप्पा, एकच विषय निवडायचा उरलाय,” शिवांजली म्हणाली. व्यायामशास्त्राच्या एम.एस्सी.चा फॉर्म लॅपटॉपवर उघडा होता आणि मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. खाली दोनच चौकटी होत्या. एकीपुढे लिहिलं होतं, अव्वल खेळाडूंचं प्रशिक्षण. दुसरीपुढे, हृदयरुग्णांचा व्यायाम.

“त्यात विचार कसला? बिल्कुल पहिला घे,” सुभेदार धोंडीराम खुर्चीतून म्हणाले. “माझी पोरगी देशाच्या टीमला पळवणार! आजाऱ्यांना हात वर, हात खाली करायला लावायला एम.एस्सी. कशाला लागतंय?”

व्यायामाचं वेड शिवांजलीला कॉलेजने नाही, याच माणसाने लावलं होतं. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये ते पी.टी.चे उस्ताद होते. शिट्टी अशी वाजवायचे, की कडुनिंबावरचे पोपटही रांगेत बसावेत. दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि उस्तादांची रवानगी स्टोअरमध्ये झाली. डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं. पण ज्या मैदानावर इतरांना दमवलं, तिथे पोरांच्या डोळ्यांदेखत रखडत चालायचं? सुभेदार त्या रस्त्यालाही फिरकत नसत. त्यांचं स्टॉपवॉच दाराआडच्या खिळ्याला तसंच लटकत होतं.

शिवांजलीची नजर तिकडे गेली आणि तिला हिवाळ्यातली ती सकाळ आठवली. ती सात वर्षांची होती. पप्पांनी तिच्या गळ्यात ते घड्याळ अडकवलं होतं. धुक्यातून जवान धावत येत होते. पप्पा सगळ्यांत मागे, धापा टाकणाऱ्या एका नव्या पोराच्या सोबतीने. पहिला जवान रेघ ओलांडून आला आणि तिने ऐटीत बटण दाबलं. सगळे खो खो हसले. तिला रडू फुटलं, तेव्हा पप्पा तिच्यापुढे उकिडवे बसले होते.

“पहिला आला म्हणून घड्याळ बंद करायचं नसतं, बाळा. टोळीची वेळ शेवटच्या गड्यावर ठरते. तो येईपर्यंत चालू ठेवायचं.”

किती सुखाच्या होत्या त्या सकाळी! पप्पांच्या घामाला ओल्या गवताचा वास यायचा.

तिने दुसऱ्या चौकटीवर टिक केलं आणि फॉर्म पाठवून दिला.

“हे काय केलंस?” सुभेदार ताडकन उठले. “माझी कीव करून स्वतःचं वाटोळं करून घेतेस?”

“कीव नाही पप्पा. तुम्ही कधी पहिल्या गड्यासोबत धावलात, सांगा ना? उस्ताद मागच्यासोबत असतो. मी तेच शिकलेय यार, दुसरं कुणी शिकवलंच नाही मला.”

बाहेर मैदानावर जवानांच्या खेळाची शिट्टी झाली. सुभेदारांनी पलंगाखालून कॅनव्हासचे बूट ओढून नाड्या बांधल्या. खिळ्यावरचं घड्याळ काढलं, बाहीने पुसलं आणि लेकीच्या गळ्यात घातलं.

“चल, ग्राउंडची एक फेरी मारू,” ते म्हणाले. “वेळ लागंल जरा. घड्याळ मध्येच बंद करू नकोस.”