लंब्याची पँट

नट गुडघ्यांवर बसला आणि पँट मागून टर्रकन उसवली. सकाळपासून तिसऱ्यांदा. सगळा सेट फिदीफिदी हसला आणि मास्तरांच्या नावाने पुकारा झाला.

कपडेपटाचे मास्तर सुईदोरा घेऊन आले ते धुमसतच. चाळीस वर्षांपूर्वी पोलिसांनी एका क्लबवर धाड घालून तेवीस समलिंगी पुरुषांना चौकीत नेलं होतं. त्यातूनच पुढे हक्कांची लढाई उभी राहिली. त्यावरचा हा सिनेमा. नायक म्हणजे लंब्या. खरा लंब्या जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या पँटचं माप मास्तरांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं, आणि ते कसं काय, हे मास्तरांनाही कुणी विचारलं नव्हतं. एकाच घरात एकतीस वर्षं काढली दोघांनी. शेजारी बिचारे मामेभाऊ समजत राहिले.

दिग्दर्शिकाबाईंनी मांडीत जरा सैल करायला सांगितलं. मास्तरांनी ठणकावलं की त्या काळची पँट अशीच तंग असायची, आणि ही उभ्या माणसासाठी शिवलीय. कागदावर तर लंब्या चौकीत ताठ उभा राहून नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण सांगतो असंच होतं. हे गुडघे आले कुठून?

तर सीन परवा बदलला होता. बाईंना त्या वेळचा फौजदार भेटला. त्या दिवशी एकाने रडत रडत आपले पाय धरले आणि आपण त्याला खोटं नाव लिहून सोडून दिलं, असं म्हातारा हसत हसत सांगत होता. तो कोण, ते त्यालाही आठवत नव्हतं. बाईंना वाटलं, एवढा चांगला प्रसंग वाया का घालवायचा? नायकालाच देऊ. आधी पाय धरेल, मग पेटून उठेल. थिएटरात एकही डोळा कोरडा राहणार नाही.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठ फुटलेला असताना लंब्याने आपलं नाव हवालदाराला एकेक अक्षर सांगून लिहायला लावलं होतं, वर चुकलेलं आडनाव दुरुस्त करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं, तिसऱ्या दिवशी नोकरी गेली. आणि त्याला आता हे लोक बुटांवर लोळवणार? मेलेला माणूस उठून 'नाही' म्हणू शकत नाही म्हणून?

"लंब्याने पाय धरले नाहीत," मास्तर म्हणाले.

बाई समजुतीने हसल्या. "मास्तर, तुम्हाला काय माहीत? तुम्ही थोडेच होतात तिथे?"

या प्रश्नाचं उत्तर मास्तरांकडे चाळीस वर्षं तयार होतं: नव्हतो. बहिणीला दिलं होतं, कारखान्यात दिलं होतं. लंब्याच्या शोकसभेत शेवटच्या रांगेत बसून शेजारच्यालाही दिलं होतं. आत्ताही ते ओठांवर आलंच होतं.

"होतो," ते म्हणाले. "पाय धरले ते मी."

मास्तर थांबले नाहीत, दात आवळून सगळं ओकले. फौजदाराने बुटाला कपाळ टेकवायला लावलं, मग मागच्या दाराने हाकललं. लंब्या समोरच उभा होता. पुढे एकतीस वर्षं त्याने हा विषय एका शब्दाने काढला नाही. काढला असता मेल्याने, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. लंब्या उभाच राहील, शब्द दिला. पाय धरणारा वेगळा दाखवू, सीन उलट आणखी जबरदस्त होईल, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, नेमकं कसं घडलं ते मास्तर एकदा करून दाखवतील का? फक्त एकदा. कॅमेरा चालू ठेवू.

कुणीतरी लगबगीने खुर्ची मांडली. फौजदार झालेला नट तिच्यात बसला आणि त्याने सवयीने बूट पुढे केले.

मास्तर त्या बुटांकडे पाहत राहिले. मग हातातली सुई त्यांनी रागाने कॉलरला टोचली.

"दाखवतो," ते म्हणाले. "पण याला उठवा. त्या खुर्चीत तुम्ही बसा, बाई."

नट उठला. बाई जागच्या हलल्या नाहीत. कॅमेरा रिकाम्या खुर्चीवर चालूच होता.