तांबडा ओरखडा

साबणाच्या पाण्यानं डाग निघेना. केसरीनाथ गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून मघापासून स्पंज फिरवत होता. चाकावरच्या नारिंगी रबरी रंगावर हातभर लांब ओरखडा उमटला होता आणि त्यात काळपट तांबडं काहीतरी भरलं होतं. धूळ निघाली, चिखल निघाला. ते तांबडं हललं नाही.

आत चुलीपाशी त्याची बायको गुणाबाई रडत होती. सकाळीच पोलीस येऊन त्यांच्या एकुलत्या पोराला, भूपेशला, घेऊन गेले होते. काल संध्याकाळी खारबावच्या रस्त्यावर कुणीतरी दामूला उडवलं. दामू शेजारच्या पाड्यावरचा, गोदामात हमाली करायचा. सायकलवरून घरी येत होता, जागीच गेला. नारिंगी चाकांची गाडी तिथून सुसाट पळताना लोकांनी पाहिली होती, आणि दिघाशी गावात तशी चाकं एकाच गाडीला होती. “गाडीला हात लावू नका, दुपारी क्रेन येईल,” असं बजावून पोलीस निघून गेले.

त्या चाकांचं भूपेशला कोण कौतुक! गोदामातल्या साहेबांची ने-आण करायला त्यानं गाडी घेतली, आणि लगेच निजामपुऱ्यात गाड्या रंगवणाऱ्या जुबेरकडून चाकांना हा रबरी रंग मारून आणला. खडे उडोत, कठडा घासो, जे काही लागायचं ते रबराला लागतं. खालचं चाक नवंच राहतं. नको झाला की केळं सोलावं तसा रंग सोलून टाकायचा. धुण्याचं काम मात्र बापाकडं. “बाबा, पेट्रोल लावू नको, रबर इरघलंल. तारेचा ब्रश न्हाय, जोराचा पानी न्हाय. नुसता साबन न् मऊ फडका,” असं त्यानं शिकवलं होतं. जन्म कापडाच्या लूमवर उभं राहून काढलेला केसरीनाथ आता रोज सकाळी ती चाकं धुवायचा, पुसायचा, वर पॉलिशचा हात द्यायचा. पोराची गाडी पुसताना त्याला बरं वाटायचं.

काल भूपेश घरी आला तो पांढराफटक पडून. जेवला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. केसरीनाथ त्याच्या उशाशी जाऊन बसला, पाठीवर हात ठेवला, पण काय झालं ते विचारलं नाही. सकाळी पोलीस दारात आले तेव्हा त्याला सगळं कळून चुकलं.

पलीकडच्या पाड्यावरून रडण्याचा आवाज आला. दामूची बायको राहीबाई. केसरीनाथचा हात थांबला. दामू आणि तो पूर्वी एका शिफ्टला लूमवर होते, एका डब्यात जेवले होते. त्यानं डोळे गच्च मिटले. मग स्पंज बादलीत टाकला आणि नखानं रबराची कड शोधू लागला.

तुटलेला धागा शोधणारी बोटं ती. कड लगेच सापडली. जुबेरनं थरावर थर देऊन रंग जाड बसवला होता, त्यामुळं तो कातडीसारखा अखंड सुटत आला. खालून चाक निघालं चंदेरी, लखलखीत. साधा चरासुद्धा नव्हता. केसरीनाथनं सुटकेचा निःश्वास सोडला. मग एकच चाक वेगळं दिसू नये म्हणून त्यानं चारही सोलली.

परसात पाणी तापवायची चूल होती. तिच्यात त्यानं ते सगळं कोंबलं. काळा धूर उठला, घाण वास सुटला. गुणाबाई पदर नाकाला लावून बाहेर आली.

“काय जालताव ओ?”

“कचरा. चल, डबा भर. पोराला घेऊन येतो.”

पोलीस ठाण्यात भूपेश फौजदारांच्या टेबलापुढं बाकावर बसला होता. डोळे सुजले होते, पण बापाला बघताच त्याचा चेहरा उजळला.

“बाबा, मी सायबांना सगला सांगतलाय. एक टेम्पो माझे चाकाला घासून फुडं गेला न् त्यानंच दामूकाकाला उडवला. मी त्याचे मागं गाडी घातली, पन नाक्यावर तो गर्दीत घुसला. परत आलो तवर लोक जमलेले. नारिंगी चाकंवाल्यानं मारला, असा वरडत व्हते. मी घाबारलो न् घरी आलो.”

फौजदारांनी केसरीनाथला खुर्ची दाखवली.

“बसा, काका. पोरगा खरं बोलतोय असं मलाही वाटतं. तसा एक टेम्पो आम्ही पकडलाय, तांबडा आहे. मालक कबूल होत नाही. पण घासताना त्याचा रंग तुमच्या चाकाच्या रबराला लागलाय म्हणे. तो जुळला की तुमचा पोरगा सुटला.”

“गाडी हाय तशीच हाय ना, बाबा?” भूपेशनं विचारलं. “कोनी हात तर न्हाय लावला?”

केसरीनाथ उभाच राहिला. डबा त्यानं टेबलाच्या कडेला ठेवला.

“रबर न्हाय,” तो म्हणाला. “मी सोलला. जालला.”

फौजदारांनी चमकून वर पाहिलं. भूपेश चिडला नाही, रडला नाही. तो बापाकडं वळला आणि अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

“बाबा, तुला वाटला, दामूकाकाला मी मारला?”