हुबेहूब

दवाखान्यावर देखरेख ठेवणाऱ्या नव्या समितीला शिकवायला ज्या बाई आल्या, त्या निवृत्त होईपर्यंत त्याच दवाखान्यात सिस्टर होत्या. पाणी कुठे मुरतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

बाईंनी सरावासाठी प्रसंग बसवला. स्वतः सिस्टर झाल्या आणि समितीतल्या मावशींना अडलेली बाळंतीण केलं. मावशी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर आडव्या होऊन कण्हू लागल्या.

"सिस्टर, बघा ना हो. काहीतरी वेगळंच होतंय मला."

"थांबा जरा. हातातला घास तरी गिळू द्या."

सगळे खो खो हसले. "अगदी हुबेहूब," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. टाळ्या संपल्या, तरी मावशींचं कण्हणं काही थांबेना.

"सिस्टर, एकदा हात तरी लावून बघा."

आता कोणी हसेना. बाई अवघडल्या. "अहो मावशी, पुरे झालं की नाटक."

मावशी सावकाश उठून बसल्या.



"माझी लेकही याच बाकावर होती, सिस्टर. तुम्ही तिला हेच म्हणालात, आणि ती गप्प झाली ती कायमची."