कालव्याचं पाणी

शेजारच्या देशाने मासळी घेणं एकाएकी बंद केलं. तुमच्या नदीचं पाणी आमच्या कालव्यात सोडा, मगच घेऊ, असा हट्ट धरला. सरकार दोन वर्षं 'विचार चालू आहे' यापुढे सरकलं नाही. शेवटी उपासमारीला कंटाळून किनाऱ्यावरच्या लोकांनीच अर्ज केला, 'सोडा एकदाचं ते पाणी.' मासळी पुन्हा खपू लागली; पण चहूकडून जमिनीने वेढलेला, त्या नदीच्या जिवावर जगणारा समुद्र आटत गेला, आणि होड्या वाळूत रुतल्या त्या कायमच्याच.

बऱ्याच वर्षांनी, एकेकाळी त्याच किनाऱ्यावर होडी हाकणारा म्हातारा तांडेल सीमेपलीकडे लेकीच्या सासरी आला. जावयाच्या कपाशीला त्याच कालव्याचं पाणी होतं. संध्याकाळी बापलेक काठावर जाऊन बसले. तांडेलाने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं.

"गोड आहे गं. आपल्या दारात येईपर्यंत खारं होऊन जायचं."

"खिडकीतून उडी मारली की थेट समुद्रात! आई ओरडत राहायची." लेक हसली, आणि तिने एक खडा पाण्यात भिरकावला. "बाबा, त्या अर्जावर पहिली सही कुणी केली असेल हो? सोन्यासारखा समुद्र घालवला मेल्याने."

तांडेलाने ओले हात सदऱ्याला पुसले.

"मी केली. पाणी सोडलं नाही तर सीमाही बंद होणार अशी कुणकुण लागली होती, पोरी, आणि तुझ्या लग्नाला पंधराच दिवस उरले होते."