पिवळ्या लोकरीतला मासा

मालरे मावशींनी गाडी शोधून काढली, तेव्हा काचेमागे बसलेल्या बांग साहेबांनी समाधानाने हातातील वेळ मोजण्याचे घड्याळ बंद केले.

काच अशी होती, की साहेबांना मावशी दिसत. मावशींना मात्र स्वतःचेच प्रतिबिंब दिसे. दक्षिण कोरियातील सुवॉन शहरातल्या त्या कचेरीत जुन्या गाड्या शोधण्याचे एक नवे संकेतस्थळ सिद्ध होत होते, आणि ते सामान्य माणसास कितपत सुलभ वाटते, याची त्या दिवशी परीक्षा होती. परीक्षा संकेतस्थळाची होती, माणसाची नव्हे. तरीही समोरच्या गल्लीत लोणची व तयार भाज्या विकणाऱ्या मालरे मावशी केस नीट बसवून, ओठ रंगवून आल्या होत्या.

"जमलं का गं मला, पोरी?"

"मावशी, तुम्ही तर आमच्या साहेबांपेक्षा भराभर शोधलीत," हानसुल म्हणाली. संकेतस्थळाची संपूर्ण मांडणी तिचीच होती.

"तुझ्या साहेबांना काय, दुसरा कुणीतरी गाडी चालवून देत असेल."

पडद्यावर एक छोटी पांढरी गाडी होती. तिच्याखाली हिरवी खूण, आणि खुणेपुढे शब्द : 'पाणी लागलेले नाही.' हे शब्द म्हणजे हानसुलचा अभिमान होता. पूर्वी तेथे 'विमा कंपन्यांकडे पाण्यात बुडाल्याची नोंद आढळली नाही' असे लांबलचक वाक्य असे. लोक तेथे अडखळत, पुन्हा वाचत, आणि निघून जात. तिने ते छाटले. तेव्हापासून कोणीही अडखळले नव्हते. सोमवारी संकेतस्थळ साऱ्या देशास खुले व्हावयाचे होते.

"हीच का निवडलीत?" हानसुलने ठरलेला प्रश्न विचारला.

"हिरवं दिसलं म्हणून. मागच्या पावसाळ्यापासून मला पाण्याची धास्तीच बसलीय."

असे म्हणत मावशी एकामागून एक छायाचित्रे सरकवू लागल्या. दर्शनी भाग. आसने. चाके. डिकी उघडलेली दिसली, आणि त्यांचे बोट तेथेच थांबले.

डिकीच्या कोपऱ्यात एक वाळवलेला मासा होता. त्यात वस्तुतः नवल काही नव्हते. कोरियात नव्या गाडीची पूजा करताना, अपघात टळावा म्हणून, दोरा गुंडाळलेला मासा कोण ठेवीत नाही? परंतु दोरा पांढरा असतो. हा मासा पिवळ्या लोकरीत गुंडाळलेला होता.

"ही आमची गाडी आहे," मावशी म्हणाल्या.

हानसुल हसली. "मावशी, छोट्या पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"गाडी सारखी असेल. मासा माझा आहे." त्यांनी पडद्यावरून बोट उचलले नाही. "पांढरा दोरा संपला होता. स्वेटरची लोकर उरली होती, तीच गुंडाळली. तर हे मला म्हणतात कसे, का गं, माशाला थंडी वाजतेय होय?"

त्या हसल्या. हसू ओठांवरच राहिले, पुढे कोठे गेले नाही.

"मग गाडी विकलीत तुम्ही?"

"भंगारात दिली. इमारतीच्या तळघरात पाणी भरायला लागलं, तेव्हा हे गाडी वर काढायला खाली उतरले, ते वर आलेच नाहीत."

हानसुलने हलकेच विचारले, "विमा?"

"आपली गाडी दुसऱ्याला धडकली तर, तेवढ्यापुरता होता. भंगारवाला म्हणाला, मावशी, कापतो आणि वितळवून टाकतो. मी म्हटलं, वितळवच बाबा."

पाण्याचा विमा नव्हता, म्हणून भरपाईची मागणी नव्हती. मागणी नव्हती, म्हणून नोंद नव्हती. आणि नोंद नव्हती, म्हणून हिरवी खूण होती. हानसुलला हे सर्व एका दमात उमगले.

दार उघडून बांग साहेब आत आले. त्यांनी मावशींपुढे कमरेत वाकून नमस्कार केला.

"बघा साहेब," मावशी शांतपणे म्हणाल्या, "गाद्या बदलल्या, चिखल धुतला, अत्तरसुद्धा मारलं असेल. माशाला हात लावायची तेवढी छाती झाली नाही मेल्यांची."

साहेब हानसुलला खिडकीपाशी घेऊन गेले. "ही गाडी आत्ताच्या आत्ता काढून टाक," ते दबक्या आवाजात म्हणाले. "चूक झाली, सुधारली. आपल्याला सोमवार गाठायचाय."

"आणि ते वाक्य?"

"वाक्याला काय झालंय? आज एक तरी माणूस अडखळला का?"

"साहेब, हिच्यात मासा राहिला म्हणून आपल्याला कळलं. बाकीच्यांचं कसं कळणार?"

साहेब हातातल्या बंद घड्याळाकडे पाहत राहिले.

त्या दोघांचे लक्ष नव्हते, तेवढ्यात मावशींनी 'मागे' ही कळ दाबली. वयस्क बोटांस ती सहज सापडावी, म्हणून हानसुलने ती मुद्दाम मोठी केली होती. गाड्यांची यादी आली, आणि त्यांनी हिरव्या खुणेची पुढची गाडी उघडली. मावशींनी तिची डिकी पाहिली, आणि पुन्हा मागे आल्या. मग त्यापुढची. मग त्याही पुढची. त्या कोठेही अडखळत नव्हत्या. प्रत्येक डिकी धुतलेली होती, आणि प्रत्येक डिकी रिकामी होती.